जावयाने आणलेलं कार्ड

अण्णा, म्हणजे माझे सासरे, कुठलीही वस्तू आधी उघडत आणि मग वापरत. लग्नात आम्हाला आलेला मिक्सर त्यांनी पहिली चटणी वाटायच्या आधी उघडला होता. मी वृंदाला बघायला नाशिकरोडला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी माझी नोकरी, पगार, गोत्र यातलं काही विचारलं नाही. माझं मनगट हातात घेतलं आणि म्हणाले, "घड्याळावर नाव तर भारी आहे. आत काय आहे, बघितलंत कधी?" मी नाही म्हणालो. शर्टाच्या खिशातून त्यांनी घड्याळजींचं असतं तसलं डोळ्याला लावायचं भिंग काढलं. माझी पोह्यांची बशी संपेपर्यंत माझं घड्याळ सुटं होऊन वर्तमानपत्रावर पसरलं होतं.

आतून माई, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई, ओरडल्या, "अहो, ते मुलगी बघायला आलेत, घड्याळ दुरुस्तीला नाही!"

अण्णांनी मान वर केली नाही. मला म्हणाले, "वरचं नाव विकणाऱ्याने लिहिलेलं असतं, आतलं बनवणाऱ्याने. आपण नेहमी आतलं वाचावं." घड्याळ त्यांनी पुन्हा जोडून दिलं, लग्नही ठरलं. मला आतून काय वाचलं, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही भीतीपोटी विचारलं नाही.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात अण्णांनी सारी नोकरी केली. दाब आणि तापमान दाखवणाऱ्या मीटरांची देखभाल हे त्यांचं काम. खोटं बोलणारा काटा त्यांना लांबून ओळखू यायचा. घरात ते फारसं बोलत नसत, कारण त्या घरातलं बोलण्याचं खातं माईंकडे होतं. माईंची बहीण इंदूरला असे. तिला माई पत्र लिहीत नसत, कॅसेट पाठवत. टेपरेकॉर्डरसमोर मांडी घालून बसायच्या आणि दोन्ही बाजू संपेपर्यंत बोलायच्या. मध्ये कुकरची शिट्टी, दारावरचा भाजीवाला, त्याच्याशी घासाघीस, सगळं इंदूरला जायचं. कॅसेट नेहमी अर्ध्या वाक्यात संपायची. मावशी त्या कॅसेटी जपून ठेवत, आणि ते किती बरं झालं हे पुढे कळलं.

निवृत्तीनंतर अण्णांना नवा नाद लागला. संगणकाच्या एका इंग्रजी मासिकाबरोबर, विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीची सीडी फुकट आली होती. मी सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होतो. आमच्याकडे मोडीत निघालेला एक संगणक मी त्यांना आणून दिला. त्यानंतर नाशिकरोडपासून देवळालीपर्यंत ज्याचा ज्याचा संगणक म्हातारा झाला, तो अण्णांच्या ओसरीवर येऊ लागला. लोकांना वाटे, सीडी घातली की झालं. अण्णा सीडीला हातही लावायच्या आधी डबा उघडत, एकेक कार्ड काढून त्यावरच्या चिपचा नंबर भिंगातून वाचत आणि कागदावर उतरवून घेत. लिनक्सला कोणकोणतं सामान चालतं याची लांबलचक यादी त्यांनी सायबर कॅफेतून छापून आणली होती. ती दोऱ्याने शिवून, वर तपकिरी कव्हर घालून ठेवलेली असे. तिला ते पंचांग म्हणत. हातातला नंबर पंचांगात सापडला तरच पुढचं काम.

"एवढं कशाला, अण्णा? नवीन कार्ड घालून टाकायचं," मी एकदा शहाणपणा केला.

"जावईबापू, नव्याचा भरवसा नसतो. जुन्याच्या खोडी चारचौघांना माहीत झालेल्या असतात, कुणीतरी त्यावर इलाज लिहून ठेवलेला असतो. नव्याचं तसं नाही. त्याच्याशी बोलायचं कसं, हे बनवणारा सांगत नाही आणि दुसऱ्या कुणाला अजून कळलेलं नसतं."

मी मान डोलावली. मला ते पटलंही होतं. पटणं आणि लक्षात राहणं यात फरक असतो, आणि माझ्या बाबतीत तो जरा जास्तच असतो.

माईंना अर्धांगवायूचा झटका आला तो ऐन बोलण्याच्या भरात. शेजारच्या काकूंना काहीतरी सांगत होत्या. हसता हसता तोंड वाकडं झालं आणि शब्द तिथेच थांबला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समज पूर्ण शाबूत होती आणि डावा हात चालत होता. अण्णा उशाशी बसून अंदाज बांधायचे. "पाणी? चहा? खिडकी लावू? पाय दाबू?" पाच-सहा अंदाज चुकले की माई डाव्या हाताने गादीवर थापट मारायच्या आणि भिंतीकडे तोंड फिरवायच्या. पाटीवर लिहून बघितलं, पण डाव्या हाताने त्यांना अक्षर जमेना, आणि जमेना म्हणून रडू यायचं.

महिन्याभराने अण्णांनी इंदूरहून त्या कॅसेटी मागवून घेतल्या. त्यांच्या मनातली कल्पना साधी होती. कॅसेटींमधून माईंच्याच आवाजातले शब्द निवडायचे, ते संगणकात घ्यायचे आणि एकेका कळेवर एकेक शब्द बसवायचा. माईंनी डाव्या हाताने कळ दाबली की शब्द वाजेल.

वृंदा म्हणाली, "अण्णा, त्या कॅसेटी कुठे उकरत बसता? मीच बोलते ना शब्द. माझा आवाज घ्या."

"तहान तिला लागणार आणि पाणी तू मागणार?" अण्णा म्हणाले.

आठ दिवस ते टेपरेकॉर्डरला कान लावून बसले. चहा, पाणी, नको, बास, दुखतंय, वृंदा, असे कितीतरी शब्द. कुठल्या कॅसेटमध्ये कुठे काय आहे याचं टिपण काढलं. कळांवर चिकटवायला पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्याही सुवाच्य अक्षरात लिहून ठेवल्या. आता अडलं होतं एकाच ठिकाणी. आमच्या कारखान्याच्या त्या संगणकाला आवाजच नव्हता, त्यात साउंड कार्ड बसवायला हवं होतं. मी ऑफिसच्या कामाने मुंबईला निघालो होतो. अण्णांनी एका चिठ्ठीवर चिपचा नंबर लिहून दिला. "हाच आणा. जुनंपानं, वापरलेलं असलं तरी चालेल."

मुंबईच्या दुकानदाराने चिठ्ठी बघून तोंड वाकडं केलं. "साहब, ये तो कबाड में भी नहीं मिलेगा. ये लो, सेम कंपनी, एकदम लेटेस्ट." चकचकीत खोकं होतं, त्यावर कर्ण्यातून निघणाऱ्या सोनेरी लाटा होत्या. रोज ऑफिसात नटबोल्टाचासुद्धा नंबर जुळवून घेणारा, एक आकडा चुकला तर माल परत पाठवणारा मी, त्या लाटांना भुललो. सासूबाईंसाठी जुनं काय न्यायचं, असंही वाटलं. खरं सांगायचं तर जावयाच्या हातात भारी खोकं शोभतं, असं वाटलं.

अण्णांनी माझ्यासमोरच खोकं उघडलं, कार्ड काढलं, भिंग लावलं. चिपवरचा नंबर दोनदा वाचला. मग भिंग खिशात ठेवत म्हणाले, "वा! जावईबापूंनी उंची वस्तू आणली." माई पलंगावरून बघत होत्या. मी असा फुगलो, की परतताना वृंदाला सबंध रस्ताभर लेटेस्टचं महत्त्व ऐकवलं.

त्यानंतरचे सात आठवडे आठवले की आजही माझी मान वर होत नाही. ते कार्ड पंचांगात नव्हतं. अण्णा रोज सायबर कॅफेत जाऊन कुठकुठल्या देशांतल्या लोकांना विचारत होते. एकाने कळवलं, बनवणारे माहिती देत नाहीत, नाद सोडा. दुसऱ्याने ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा प्रोग्राम, अर्धवट जमवलेला दिला. तो फ्लॉपीवर आणायचा, त्याच्यासकट लिनक्सचा गाभा संगणकाला नव्याने बांधायला लावायचा, आणि आमच्या त्या यंत्राला त्यासाठी पाच-सहा तास लागायचे. तेवढ्यात भारनियमनाची वेळ व्हायची, वीज जायची, पुन्हा पहिल्यापासून. "आयुष्यभर एकलहऱ्याला वीज केली, आणि माझ्याच घरी टिकत नाही," एवढंच ते म्हणत. कधी पूर्ण झालंच, तर माईंच्या शब्दाऐवजी कढईत मोहरी तडतडल्यासारखा आवाज यायचा. माई रोज अण्णांच्या आधाराने खुर्चीत येऊन बसत. डावा हात कळांवर ठेवून वाट बघत, आणि तडतड ऐकून तो हात उचलून मांडीवर ठेवत.

मी दर रविवारी जायचो आणि दारातूनच विचारायचो, "काय अण्णा, बोलल्या का माई?"

"जमतंय, जमतंय. कार्ड उत्तम आहे हो, मीच कमी पडतोय."

यावर मी त्यांना धीर देत असे! वय झालं की असं व्हायचंच, असं काहीतरी.

सातव्या रविवारी मी तेच विचारलं आणि अण्णांनी तेच उत्तर दिलं. कार्डाचं रिकामं खोकं त्यांनी शोकेसमध्ये, वृंदाच्या शाळेतल्या ढालीशेजारी मांडून ठेवलं होतं. माईंनी डाव्या हाताने शोकेसकडे खूण केली. वृंदाने ढाल काढली, तशी त्यांनी जोरजोरात मान हलवली. मग खोकं काढून हातात दिलं. माईंनी ते घेतलं आणि सरळ माझ्या मांडीवर टाकलं. खोक्याच्या पिशवीत राहून मुंबईहून परत आलेली अण्णांची ती चिठ्ठी शेजारच्या पंचांगात खूण म्हणून घातलेली होती. ती माईंनी दोन बोटांनी ओढून काढली आणि त्या खोक्यावर आपटली.

"अगं, काय हे?" अण्णा गडबडून उभे राहिले. "जावई आहेत ते! जावयाने आणलेली वस्तू अशी परत करतात का?"

वृंदाने चिठ्ठीवरचा नंबर वाचला, खोक्यावरचा वाचला, आणि माझ्याकडे बघितलं. सोळा वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. "तुम्ही दुसरंच आणलंत?" ती म्हणाली. "आणि अण्णा, तुम्हाला हे माहीत होतं?"

अण्णा बारीक आवाजात म्हणाले, "एवढ्या हौसेने आणलं त्यांनी. घालून चालवता आलं तर बघावं, म्हटलं."

मी त्यांचं भिंग मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमच्या कारखान्याच्या भंगाराच्या खोलीत शिरलो. धुळीने माखलेल्या तिसऱ्याच संगणकात त्या नंबराची चिप निघाली. मुंबईत कबाडातही मिळणार नव्हती, ती माझ्या टेबलापासून साठ पावलांवर होती. रीतसर सही करून कार्ड घेतलं आणि संध्याकाळी नाशिकरोडला पोचवलं. अण्णांना ते चालू करायला तासही लागला नाही.

पहिले सहा शब्द रात्रीच्या जेवणाआधी भरून झाले. अण्णा टेबलाखाली वाकून वायर नीट करत होते, तेवढ्यात माईंनी एक कळ दाबली. "अहो!" खणखणीत, वैतागलेला, मागे कुकरच्या शिट्टीसकट, त्यांचा स्वतःचा आवाज. अण्णांचं डोकं टेबलाला आपटलं. "आलो, आलो," म्हणत ते बाहेर आले. माईंनी पुन्हा दाबली. "अहो!" पुन्हा. अण्णा समोर उभे राहून दर खेपेला "काय गं?" म्हणत होते, आणि माईंना दुसरं काहीच नको होतं.

पुढे शब्द वाढत गेले. "थांब, माझं पुरतं ऐक," हे माईंचं बहिणीला ठरलेलं वाक्य होतं, तेही एका कळेवर आलं. घरी तपासायला येणारे डॉक्टर घाईत उठू लागले, की माई ते दाबत. डॉक्टर हसून पुन्हा बसत.

हे सतरा दिवस चाललं. अठराव्या दिवशी दुसरा झटका आला आणि डावा हातही गेला. त्यानंतर माई तीन महिने होत्या, पण छताकडे बघत. अण्णा उशाशी बसून पुन्हा अंदाज बांधत होते, आणि आता गादीवर थापटसुद्धा येत नव्हती.

दिवसकार्य उरकल्यावर मी एक दिवस एकटाच त्यांच्याकडे गेलो. संगणक तिथेच होता, कळांवरच्या चिठ्ठ्या तशाच होत्या. अण्णा रोज त्यावरची धूळ पुसत, पण कळांना हात लावत नसत. मी बरेच दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं. "अण्णा, सतराचे सहासष्ट दिवस झाले असते. माझ्यामुळे सात आठवडे गेले."

त्यांनी पुसता पुसता हात थांबवला. "तुमच्यामुळे नाही. तुम्ही चुकलात, ते मला पहिल्याच दिवशी, पहिल्याच मिनिटाला दिसलं होतं. आयुष्यभर खोटा काटा दिसला की साहेबाच्या तोंडावर सांगितलं मी. जावयाला सांगवेना." त्यांनी फडकं घडी करून कळांशेजारी ठेवलं. "तिला वाचा नव्हती, श्रीकांत. मला होती."

त्यांनी मला नावाने हाक मारलेली ती पहिली वेळ. नंतरची पाच वर्षं त्यांनी मला एकदाही जावईबापू म्हटलं नाही आणि माझी एकही चूक सोडली नाही. स्कूटरच्या चाकात हवा कमी आहे, पोराला ओरडताना आवाज चढवतोस, बँकेचा कागद न वाचता सही करतोस, वृंदा दमलीय ते तुला दिसत नाही का? माझे मित्र हसायचे, म्हणायचे, सासऱ्याने तुला पार नोकर केलाय. मला मात्र अण्णांच्या त्या बोलण्याची सवय लागली होती, आणि एखाद्या रविवारी ते गप्प असले की मीच काहीतरी चुकीचं करून बघत असे.

शेवटच्या आजारात ते दवाखान्यात होते. शहाळं हवंय म्हणाले. मी खालून नारळपाण्याचा तयार डबा घेऊन आलो. तो त्यांनी हातात धरून डोळ्यांजवळ नेला, बारीक अक्षरं वाचली आणि परत दिला. "मी शहाळं म्हटलं होतं. हे काय आणलंस? जा, बदलून आण."

भर उन्हात दोन चौक हिंडून मी शहाळं आणलं. वृंदाने त्यांची मान धरली, मी नळी तोंडाला लावली. दोन घोट घेऊन त्यांनी डोळे मिटले.

"पाणचट आहे," ते म्हणाले. "हलवून बघून घ्यावं, रे."

त्यानंतर ते कुणाशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.