रोजचा गजरा

माझ्या हातून झालेला सर्वांत मोठा मूर्खपणा कुठल्याही जर्नलमध्ये छापून आला नाही, एवढंच माझं नशीब. नवऱ्याचा आजार मी त्याचं प्रेम समजले. तोही कुठला आजार, तर ज्यावर मी स्वतः पेपर लिहीत होते, तोच.

पायांच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होत जातात, हा माझा विषय. रक्त पुरेसं पोचत नाही, चाललं की पोटरी धरते, माणूस थांबतो, कळ जाते, पुन्हा चालतो. असे रोगी वेळेत ओळखायचे कसे, हे जगाला शिकवायला निघालेली मी तेव्हा पंचेचाळिशीची होते. चालण्यात तोरा, बोलण्यात त्याहून जास्त. आज ती बाई रस्त्यात दिसली तर मी पलीकडच्या फुटपाथवरून जाईन.

काम सुरू करण्यापूर्वी हात बसावा म्हणून डॉपलरचं छोटं यंत्र मी बनशंकरी भागातल्या आमच्या घरी आणलं. दंडाला पट्टा, घोट्याला पट्टा, दोन्हीकडचा रक्तदाब मोजायचा. घोट्याचा दाब दंडाइतका किंवा थोडा जास्तच भरायला हवा. ह्यांना दिवाणावर आडवं केलं. डाव्या घोट्याचा आकडा बराच कमी आला. पुन्हा मोजला, पुन्हा कमी.

"काय म्हणतंय तुझं मशीन?"

"मशीन काय म्हणणार? माझाच हात अजून बसलेला नाही. उठा."

"सरी," असं इथल्या कानडीत 'बरं' म्हणत ते उठले.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. रोग हॉस्पिटलात येणाऱ्यांना होतात, घरातल्यांना नाही, अशी माझी शास्त्रीय समजूत होती.

त्याच सुमारास हे बँकेतून येताना रोज गजरा आणू लागले. बसस्टॉपवरून घराकडे येताना वाटेत फूलवाल्या अक्का बसत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा रोज हातभर मल्लिगे आणतो म्हणजे काय. मी तो मोगरा रात्री ओल्या फडक्यात ठेवायची, सकाळी माळून कामावर जायची, आणि कुणी विचारण्याची वाटही न पाहता सांगायची, "ह्यांना फार हौस." अशीच एकदा बसून मी पेपरात लिहिलं, की हे रोगी थांबल्याचं लपवण्यासाठी वाटेतल्या दुकानांपाशी रेंगाळतात. लिहिताना गजरा केसांत होता. वासही येत होता.

पेपर छापून आला. घरी मैसूरपाक आणला, मीच जास्त खाल्ला. पुढे काही महिन्यांनी नवी चप्पल लागून ह्यांच्या डाव्या अंगठ्याला जखम झाली. ती भरेना. अंगठा काळा पडू लागला तेव्हा कुठे मी त्यांना आमच्याच इथल्या सर्जनकडे नेलं. सर्जनने विचारलं, "किती चाललं की दुखतं?"

"फूलवाल्या अक्कांपर्यंत येतो," हे म्हणाले. "तिथे स्वल्प थांबावं लागतं. नुसतं कसं उभं राहायचं, म्हणून फुलं घेतो."

सर्जनने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या केसांकडे.

पाय जाणार की राहणार, हे बरेच दिवस ठरत नव्हतं. ऑपरेशन झालं, पाय राहिला, अंगठा गेला. तेव्हापासून आजतागायत रोज सकाळी मी त्यांचे तळवे तपासते, बोटांच्या बेचक्या पाहते. आता माझेच गुडघे बोलतात, उठताना खुर्ची धरावी लागते. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू. नात म्हणते, "आजी, मी बघते ना, तू बस." मी बघू देत नाही. एकदा दुसऱ्यावर सोपवलं की आपण पाहायचं सोडतो, एवढं मला कळलंय, आणि ते कुठल्या पेपरात लिहिण्यासारखं नाही.

हॉस्पिटलातून त्यांना घरी आणलं त्या दुपारी मी विचारलं होतं, "इतके दिवस दुखत होतं, तर बोलला का नाहीत?" ते उशीला टेकून बसले होते. रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"अगं, तुझा पेपर मी वाचला होता," ते म्हणाले. "माणसं दुकानापाशी थांबतात, तिथवर आलो आणि म्हटलं, हे तर आपलंच चाललंय. पण तू मशीन लावून बघितलं होतंस ना. म्हटलं, काही असतं तर तू बोलली असतीस."