श्लोक कोणाला सांगायचा?

मनूताई गेल्याचं मला अकोल्यात, जठारपेठेत कळलं, सायकलचं पंक्चर काढून घेताना. अमरावतीहून आलेले एक ओळखीचे मास्तर म्हणाले, "तुमच्या त्या संस्कृतच्या बाई वारल्या. रविवारी शोकसभा आहे, अध्यक्ष वकीलसाहेब." दुःख व्हायच्या आधीच त्या शेवटच्या शब्दानं माझं डोकं फिरलं. महिना होत आला, अजून ठिकाणावर नाही.

मनूताई अमरावतीला मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायच्या. घर भिक्षुकाचं, जीभ मात्र तिखट. मी अकोटकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, कॉलेजसाठी तिथं राहिलेला. वकीलसाहेबांच्या मंडळानं एक जुनं संस्कृत नाटक घेतलं आणि ते बसवायला ताईंना बोलावलं. राजा स्वतः वकीलसाहेब. मी त्यानं टाकलेल्या राणीचा भाऊ. भर दरबारात राजाला एका श्लोकात झाडायचं, एवढंच माझं काम. मी डोळे मिटून, कीर्तनात म्हणतात तसा, चालीवर तो म्हटला. ताईंनी माझ्याच बोलीत विचारलं, "हे कोणाले सांगून राहिला तू? छताले?" मग म्हणाल्या, "श्लोक ठेव बाजूला. तुझ्या बहिणीला नवऱ्यानं घराबाहेर काढलंय. त्याला घरच्या भाषेत विचार." मी लाजत लाजत बोललो, "काहून बे, तिच्या हातचं खाल्लं तवा लाज नाही वाटली तुले?" "हां. आता राग हाच, नजर हीच, फक्त शब्द संस्कृत." यती, म्हणजे ओळीतला ठरलेला थांबा, आला म्हणून श्वास घ्यायचा नाही, अर्थ थांबतो तिथं घ्यायचा. ओळीचं शेवटचं अक्षर गिळायचं नाही. वृत्ताचं नाव त्यांनी कित्येक दिवस काढलंच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "वृत्त म्हणजे हाडं. आत पाहिजेत. वर दिसायला लागली तर माणूस उपाशी आहे समजायचं." आणि श्लोक पोचला कधी म्हणायचा? तर समोरच्याचं तोंड उत्तरासाठी उघडेल तेव्हा. वकीलसाहेबांचं कधी उघडलं नाही. ते माझ्याकडे बघतच नसत, प्रेक्षकांकडे बघत.

स्पर्धेत नाटक पहिलं आलं. दिग्दर्शनाचं बक्षीस घ्यायला वर कोण गेलं? वकीलसाहेब. पत्रकावरही त्यांचंच नाव, ताईंचं कुठेच नाही. ताई मुळूमुळू रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. पडद्यामागे सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, "माझं नाव कुठंय?" वकीलसाहेब हसले. "ताई, तुम्ही घरच्याच. घरच्या माणसाला नावबिव कशाला?" ताई त्या मंडळाची पायरी पुन्हा चढल्या नाहीत. एस.टी. स्टँडवर मला म्हणाल्या, "हारतुरे गेले चुलीत, गजानन. मला माझ्या नावावर एक नाटक करायचंय. श्लोक असा बोलतात, हे कोणी दाखवलं ते लोकांना कळू दे." पुढे शाळेतल्या माजी मुली घेऊन त्यांनी एक नाटक उभंही केलं. पण सभागृह वकीलसाहेबांच्या मुठीत. आज दुरुस्ती, उद्या लग्न, परवा आणखी काही... मुली लग्न होऊन सासरी गेल्या, नाटक गेलं, आणि आता बाईही गेल्या. हा साधा नकार नव्हता, गळा दाबणं होतं. मी तसंच म्हणतो, ज्याला झोंबायचं त्याला झोंबो.

आणि शोकसभा त्याच सभागृहात! त्या दिवशी बरं मिळालं. वकीलसाहेब गहिवरून बोलले... मनूताई मंडळाची अन्नपूर्णा, तालमीला त्यांच्या हातचा चिवडा, त्यांची माया. श्लोकाबद्दल अवाक्षर नाही. वर मंडळातला एक जण पेटी घेऊन बसला आणि श्रद्धांजली म्हणून तोच श्लोक, माझा श्लोक, चालीवर आळवायला लागला. मी उठलो. "बंद कर ते," म्हटलं आणि व्यासपीठासमोर जाऊन उभा राहिलो. आवाज चढवला नाही. वकीलसाहेबांच्या डोळ्यांत बघून तो श्लोक त्यांना सांगितला, शेवटच्या अक्षरापर्यंत. या वेळी त्यांना दुसरीकडे बघता आलं नाही. त्यांचे ओठ हलले.

"ताईंचं नाव टाकायचं होतं रे, गजानन... राहून गेलं."

त्यांच्यामागे, हार घातलेल्या फोटोखाली, ताईंचं नाव हातभर अक्षरांत रंगवलं होतं. ते बरं राहून गेलं नाही.