भूकंप सरांची दहावी

भूकंप सरांनी फळ्यावर मारलेली रेघ कधी सरळ आली नाही, आणि ते आम्हाला भूमिती शिकवायचे. खडू फळ्याला टेकला की त्यांचा हात थरथरायला लागायचा. वर्तुळ काढलं की बटाटा तयार व्हायचा. मग ते आमच्याकडे वळून म्हणायचे, "इसको गोल मान लो बेटा," आणि आम्ही मानायचो. वय झालं होतं म्हणून नव्हे, कसला आजारही नव्हता. घरी एकटे असले की त्यांचं अक्षर छापल्यासारखं यायचं. कोणी बघत असलं की हात हलायचा, एवढंच. भोपाळच्या पिपलानी भागातल्या त्या सरकारी शाळेत त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. वर्गाबाहेर त्यांच्या चपला वाजल्या की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "बैठ जाओ रे, भूकंप आ गया!" सरांना ते ऐकू जायचं आणि ते खाली बघत आत यायचे.

सर भित्रे होते आणि ते लपवायचे नाहीत. इतर पुरुषमंडळी टेन्शन आलंय म्हणतात, बीपी वाढलंय म्हणतात, सर सरळ सांगायचे, "मला भीती वाटते." प्राचार्य मॅडमची, पालींची, तपासणीला येणाऱ्या साहेबांची, अवधपुरीच्या वळणावर अंगावर येणाऱ्या सिटी बसची. त्यांच्याकडे स्कूटर होती, पण मोठा चौक आला की ते उतरून ती ढकलत न्यायचे. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले, आणि सर जन्मल्यापासून इथेच. लग्न का नाही केलं, असं माझ्या आईनं एकदा तोंडावर विचारलं. सर म्हणाले, "मुलगी बघायला गेलो होतो वहिनी. चहाचा कप हातात दिला त्यांनी, तिथेच संपलं सगळं." आई हसून हसून बेजार झाली. मला मात्र त्या कपाचं वाईट वाटलं.

मी त्या शाळेत गेले तीही भीत भीतच. बाबा कारखान्यात टेक्निशियन, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो, आणि नववीपर्यंत मी एका इंग्रजी शाळेत होते. नववीत गणितात आपटले, वाढीव गुणांवर कशीबशी वर चढले. त्या शाळेनं बाबांना बोलावून फार गोड आवाजात सांगितलं की इथे मुलीवर ताण येईल, तिला जरा सोप्या ठिकाणी घाला. टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, तयारच होती. त्यांच्या गेटवर दरवर्षी दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फलक लागायचा, आणि माझ्यासारखीला दहावीत घेतलं असतं तर तो लावता आला नसता. बाबा महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. आता इथेही जमलं नाही तर वर्ध्याला आत्याकडे पाठवायचं, शिवण शिकेल, असं घरात ठरून गेलं. आत्या चांगली होती, पण तिच्याकडे पाठवलेली मुलगी परत शाळेत गेली असं आमच्या घरात कधी झालेलं नव्हतं.

दहावीच्या त्या वर्षी सर आमचे वर्गशिक्षक होते. नोव्हेंबरात बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ आली. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना सांगते. दहावीला दोन तऱ्हेची मुलं बसतात, शाळेची नियमित आणि घरून बसणारी प्रायव्हेट. शाळेचा निकाल मोजतात तो फक्त नियमित मुलांवर. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी शाळा-शाळांतून कच्ची मुलं शोधतात आणि त्यांच्या आईबापांची सही घेऊन त्यांना प्रायव्हेट करून टाकतात, नाहीतर टीसी देतात. शाळेच्या निकालात ती नापास दिसत नाहीत. गळतीतही दिसत नाहीत, कारण टीसी नेलेलं मूल दुसऱ्या शाळेत गेलं असंच धरतात. ती दुसरी शाळा कुठली, हे कोणी विचारत नाही. प्राचार्य मॅडम काही दुष्ट नव्हत्या. ज्यांचा निकाल खाली त्यांना जिल्ह्याच्या बैठकीत सगळ्यांदेखत उभं करायचे, आणि त्या एकदा उभ्या राहून आल्या होत्या. त्यांनी सरांना सांगितलं, "सर, जो बच्चे पास होने वाले नहीं हैं, उनको प्रायव्हेट करवा दीजिए. नहीं तो मैं भी जाऊँगी, आप भी जाएँगे."

त्या मुलांत माझं नाव होतं. सर संध्याकाळी सहीचा कागद घेऊन आमच्या क्वार्टरवर आले. मी आतल्या खोलीत दाराआड उभी होते. सर खुर्चीच्या कडेला बसले, पाणी प्यायले, पुन्हा पाणी मागितलं, आणि काय ते बोलले. आई ऐकून घेत होती. मग ती म्हणाली, "अहो सर, तिला एका शाळेनं आधीच काढलंय. आता तुम्ही पण काढताय. मला एवढंच सांगा, मग ही जाईल कुठे?"

आईनं पुन्हा विचारलं. बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला. सरांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि म्हणाले, "विचारून सांगतो." कोणाला विचारणार होते, देव जाणे.

भित्रा माणूस नाही म्हणत नाही. सरांनीही मॅडमना नाही म्हटलं नाही. त्या रोज विचारायच्या आणि सर रोज म्हणायचे, "जी मॅडम, कल पक्का." आज अमक्याची आई गावाला गेलीय, उद्या तमक्याचे वडील ड्यूटीवर आहेत. असं करत करत त्यांनी शेवटची तारीख गाठली, त्या दिवशी सगळ्यांचे फॉर्म नियमितमध्ये भरून टाकले आणि घरी जाऊन तापानं फणफणले. चार दिवसांनी वर्गात आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मला व्हरांड्यात थांबवून म्हणाले, "तुझ्या आईनं विचारलं ना, जाईल कुठे. मला उत्तर आलं नाही गं. म्हणून भरला फॉर्म. पण रेवती, मला फार भीती वाटते. तू अभ्यास कर." इतकी कळवळून केलेली विनंती मला त्याआधी कोणी केली नव्हती. मी खरंच अभ्यासाला बसले.

मे महिन्यात निकाल लागला. मी गणितात नापास, बाकी सगळ्यांत पास. माझ्यासारखी आणखी बरीच होती. शाळेचा निकाल ठरवलेल्या रेषेच्या खाली गेला. आणि त्या काळात खात्याचा नियम असा होता की ज्या शाळांचा निकाल रेषेखाली, त्यांच्या शिक्षकांनाच परीक्षेला बसवायचं. पेपर पोरांच्याच पुस्तकावर. पुस्तक उघडून लिहायलासुद्धा परवानगी. त्यातही जो नापास होईल त्याला घरी पाठवायचं. आमच्या शाळेतल्या ज्या सरांवर आणि मॅडमांवर ही पाळी आली त्यांत काही जणांनी हसण्यावारी नेलं, काही जणांनी मोर्चा काढायचं ठरवलं. भूकंप सरांची तर पाचावर धारण बसली. पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. पण परीक्षेच्या हॉलमध्ये माणसं बघत असतात.

मग आमची दोघांची शिकवणी सुरू झाली. माझी गणिताची पुरवणी परीक्षा आधी होती, सरांची नंतर. जूनच्या उकाड्यात मी त्यांच्या घरी जायची, कूलर घरघरत असायचा, आणि आम्ही समोरासमोर बसून एकच धडा सोडवायचो. मी अडले की ते समजावायचे. त्यांनी लिहायला घेतलं की मी बघायची, म्हणजे त्यांना सवय व्हावी. मी बघितलं की हात थरथरायचा. मी भिंतीकडे तोंड केलं की पेन सरसर चालायचं. असं आम्ही कितीतरी दिवस केलं. मी दोन मिनिटं बघायची, मग तीन. एकदा त्यांनी अख्खं गणित माझ्यादेखत पुरं केलं आणि इतके खूश झाले की मला कोपऱ्यावरच्या दुकानात पोहे-जलेबी खायला घेऊन गेले. तिथे ओळखीचा एक माणूस त्यांच्याकडे बघायला लागला आणि जलेबी त्यांच्या हातातून पडली.

जुलैत मी पास झाले. गणितात पास! निकाल कळल्यावर माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती ही की आता सर वाचले. माझ्यासारखी पुरवणीत पास झालेली आणखी मुलं होती. आमचे आकडे मिळवले तर शाळा रेषेच्या वर जात होती. मी वर्तमानपत्राच्या कडेला तीन वेळा बेरीज करून बघितली. आईला दाखवली. आई म्हणाली, चल.

आम्ही टी. टी. नगरला गेलो. तिथल्या शिक्षण खात्याच्या कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवत पाठवत शेवटी आम्हाला एका चष्मेवाल्या बाबूंसमोर बसवलं. एवढं मोठं काही मी आयुष्यात कोणाकडे मागितलं नव्हतं. मी मार्कशीट पुढे ठेवली आणि सांगितलं की आम्ही आता पास आहोत, तर आम्हाला शाळेच्या निकालात धरा.

बाबू भले होते. त्यांनी मार्कशीट नीट वाचली, शाबासकी दिली. मग म्हणाले, "पर बेटा, स्कूल का रिझल्ट तो मई में ही गिन लिया गया. सप्लिमेंट्रीवाले उसमें नहीं जुड़ते."

"तो फिर किसमें जुड़ते हैं?" आईनं विचारलं.

बाबूंनी जरा विचार केला. "किसी में नहीं, बहनजी," ते म्हणाले, आणि आम्हाला चहा घेणार का विचारलं.

परत येताना आम्ही सरांच्या घरी गेलो आणि आईनं सगळं सांगितलं. मला रडू आवरेना. सरांना हे आधीपासून ठाऊक होतं, मे महिन्यापासूनच. मी इतक्या उमेदीनं अभ्यास करत होते म्हणून ते बोलले नव्हते. त्यांनी माझी मार्कशीट हातात घेतली, कागद फडफडायला लागला म्हणून टेबलावर ठेवली आणि वाकून वाचली. "चांगले मार्क आहेत," ते म्हणाले. "वहिनी, हिचं तोंड गोड करा."

ऑगस्टमध्ये सरांची परीक्षा झाली. परीक्षेच्या दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर गेलो, आईनं त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. गेटबाहेर आमच्यासारखी कितीतरी माणसं उभी होती. कोणाची बायको, कोणाचा मोठा मुलगा. आत म्हातारे होत आलेले मास्तर बाकांवर बसले होते. वेळ संपल्यावर सर बाहेर आले ते फुटपाथवरच बसले. "पर्यवेक्षक चांगला होता," ते म्हणाले. "काही हवं का, काही हवं का, म्हणून सारखा माझ्याजवळच उभा राहिला."

सक्तीच्या निवृत्तीचा कागद थंडीच्या आधी आला. सर अमरावतीला बहिणीकडे राहायला गेले. स्टेशनवर सोडायला आम्ही तिघं होतो; बाबाही आले होते, त्यांनीच सरांची ट्रंक उचलली. त्या नोव्हेंबरात आमच्या शाळेनं सगळं वेळच्या वेळी केलं आणि पुढच्या मे महिन्यात निकाल झकास लागला. वर्तमानपत्रात फोटो आला. मी तेव्हा अकरावीत होते. वरच्या मजल्यावर जाताना दहावीचा वर्ग लागायचा, त्यातले मागचे बाक रिकामे दिसायचे.

आता मी स्वतः अतिथी शिक्षिका आहे, मुलींच्या शाळेत, गणितच शिकवते. अतिथी म्हणजे पाहुणीच. निकाल चांगला लागला तर पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतात, नाहीतर नमस्कार. या नोव्हेंबरात आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून हळू आवाजात सात मुलींची नावं घेतली. मी घरी आले, जेवण गेलं नाही, आणि मी सरांना फोन लावला. मला वाटलं होतं, ते म्हणतील राहू दे त्यांना.

"काढून टाक," सर म्हणाले. आवाज फार थकला होता त्यांचा. "ऐक माझं. सह्या घे आणि प्रायव्हेट करून टाक. तुझं घर तुझ्या पगारावर चालतं, बाबा रिटायर झालेत. माझं काय झालं ते बघितलंस ना तू? मला झोप नाही लागणार रेवती. काढ बरं त्यांना."

मी बरं म्हटलं. शेवटच्या तारखेला सातही जणींचे फॉर्म नियमितमध्ये भरले. दोन दिवसांनी दुपारी सरांचा फोन आला. मी वर्गाच्या दारात येऊन घेतला.

"काढलीस ना?"

"हो सर. काढली."

"बरं केलंस." ते सुटल्यासारखे बोलले. मला वाटलं आता ठेवतील. पण त्यांनी ठेवला नाही. मग त्यांनी विचारलं, "नावं काय होती गं त्यांची?"

मी एकेक नाव सांगत गेले. सर प्रत्येक नाव माझ्यामागून पुटपुटत होते. आणि ती एकेक मुलगी माझ्यासमोर बाकावर बसून, मान खाली घालून, फळ्यावरचं गणित उतरवून घेत होती.