रविवारी वाजणारी भूकंपाची घंटा

प्रोसेसरमधले दशांशाचे आकडे साठवून ठेवायची गरज नाही, असं मी ठरवलं. विसरलो असतो तर गोष्ट वेगळी. विसरणाऱ्याला लोक माफ करतात. मी नीट विचार करून ठरवलं होतं, आणि प्रोग्राममध्ये तशी टीपही घातली होती : 'दशांशाचं काम एकच प्रोग्राम करतो, साठवायचं कारण नाही.' त्या एका ओळीपायी लातुरात जमीन जागची हलली नसताना पोरं जिन्यावरून पळत राहिली.

तेव्हा मी नांदेडला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. शिकवायचो म्हणजे बहुतेक फळ्यावरच, कारण मशीनं थोडी आणि पोरं फार. उरलेल्या वेळात मी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत होतो. निदान तिचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो. त्याचं काम ऐकायला साधं आहे. मशीन एक, प्रोग्राम दोन. तर दोघांना पाळीपाळीनं मशीनवर बसवायचं, आणि इतक्या झटपट उठवायचं-बसवायचं, की दोघांनाही वाटावं मशीन आपल्या एकट्याचं आहे. हे लिही असं मला कुणी सांगितलं नव्हतं. बायको विचारायची, "बाजारात तयार भेटतंय म्हणता, मग तुम्ही कामून लिहून राहिले?" याचं उत्तर मला तेव्हा सापडलं नाही आणि आता शोधायचा कंटाळा येतो.

भूकंप होऊन गेला होता, पण माणसांच्या अंगातून गेला नव्हता. रस्त्यानं भरलेला ट्रक गेला तरी लातूरची माणसं बोलता बोलता भिंतीपासून हातभर सरकायची. आणि नेमके तेच दिवस क्लासेसना बरकत येण्याचे. गल्लीगल्लीत बोर्ड लागत होते, मजल्यावर मजले चढत होते. आईबाप तालुक्याहून लेकरू घेऊन यायचे, चौकशीच्या टेबलासमोर बसायचे आणि बोलायचे मात्र छताकडं बघत.

असाच एक क्लास चालवणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे. त्यांना सगळे 'सर' म्हणत, मीही म्हणे. ते मला 'प्रोफेसर' म्हणत, आणि त्यात आदर किती, चेष्टा किती, हा हिशोब माझा कधी जुळला नाही.

"प्रोफेसर, जमीन हालली की घंटा वाजली पाहिजे. असं काही करा."

"सर, घंटा वाजेपर्यंत जमीन हालून झालेली असते."

"असू द्या की. आईबापाला धीर येतो. माणसाला काय लागतं, कुणीतरी जागं आहे एवढंच लागतं."

हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शिवाय माझ्या कर्नलला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काम देत होतं. मी भुललो. चुंबक, तारेचं वेटोळं आणि एक स्प्रिंग, असं यंत्र तळमजल्याच्या शहाबादी फरशीत पक्कं केलं आणि तार मशीनला जोडली. आत्ताची हालचाल नेहमीच्या हालचालीच्या किती पट आहे, एवढंच प्रोग्राम सारखा काढत बसायचा. साधारण एकपट येई. पाचपटीवर गेलं की घंटा. पट काढायची म्हणजे भागाकार, भागाकार म्हणजे दशांश. दशांशाचं काम करणारा हा एकच प्रोग्राम, म्हणून ती टीप. इथवर मी शहाणाच होतो.

मग सरांना मशीन रिकामं बसलेलं बघवेना. "दिवसभर नुसतं जमिनीचं ऐकत बसतंय. त्याला मार्कं करायला लावा."

लातूरचा शिरस्ता असा, की रविवारी टेस्ट आणि त्याच संध्याकाळी नंबरासकट निकाल बोर्डावर. गावाकडून आलेले पालक तो बघितल्याशिवाय एसटीत चढत नसत. मी मार्कांचा प्रोग्राम लिहून दिला. दोन मुली उत्तरं टाईप करायच्या, मशीन मार्क द्यायचं. बरोबरला एक, चुकलं तर पाव मार्क कापायचा. आता पाव म्हणजे दशांश, हे चौथीतलं पोरगंसुद्धा सांगेल. मला कुणी विचारलं नाही. टीप जागच्या जागी राहिली.

पहिल्याच रविवारी, निकाल चालू असताना, घंटा वाजली. वरच्या मजल्यावर डाऊट विचारायला थांबलेली सगळी पोरं अरुंद जिन्यावरून खाली आली, शेजारचा झेरॉक्सवाला शटर ओढून रस्त्यात आला. जमीन हललेली कुणालाच जाणवली नव्हती. दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. मी खुर्चीवर उभा राहिलो आणि माणसाला न कळणारे सूक्ष्म धक्के या विषयावर भाषण दिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात सरांनी जाहिरातीच्या पत्रकात 'सूक्ष्म धक्केही टिपणारी यंत्रणा' असं छापून घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी पुन्हा वाजली. यावेळी जिन्यात रेणापूरची एक मुलगी पडली. बारावीची, डॉक्टर व्हायचं डोक्यात घेतलेली, कायम पहिल्या बाकावर. मनगट सुजलं, हाड वाचलं. पण तेव्हापासून ती होस्टेलात चपला घालूनच झोपायला लागली, असं रूममधल्या मुलींनी सांगितलं.

मी दर रविवारी पहाटेच्या एसटीनं नांदेडहून निघायचो. लोहा येईस्तोवर मान एका खांद्यावर, अहमदपूर येईस्तोवर दुसऱ्या. त्या पुढच्या रविवारी पोचलो, तर क्लासच्या पायरीवर एक बाई बसलेल्या. शेजारी घडी घातलेली रिकामी मोठी पिशवी. रेणापूरच्या मुलीची आई, तिकडं अंगणवाडीत काम करायच्या. त्यांची सख्खी बहीण भूकंपातल्या गावात दिलेली होती. तिच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं, हे मला सरांनी आधीच हळू आवाजात सांगितलं होतं.

"घंटा तुमचीच का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सर, मला त्यातलं काई कळत न्हाई. जमीन हालायली का न्हाई, एवढं सांगा. आज पुन्ना वाजली तर मी पोरीला घिऊन जाते. पिशवी आनलीय. शिकनं काय, जित्ता असंल तर शिकंल मानूस."

मी म्हणालो, "बघतो." दमलेल्या माणसाचा हा हुकमी शब्द.

"आन् हे बी बगा," त्या बोर्डाकडं बोट करून म्हणाल्या. "पोरीला एकच मार्क? भेदरली म्हनून का?"

बोर्डावर मागचा निकाल अजून तसाच होता. मुलीच्या नावापुढं एक पूर्णांक शून्य तीन. मी दोनदा वाचलं. पाव-पाव मार्क कापून शून्य तीन कुठून येणार? शेवटी पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर किंवा काहीच नाही, याखेरीज दुसरं काही येऊच शकत नव्हतं. हा आकडा मार्कांचा नव्हता. तो जमिनीचा होता. नेहमीच्या एकपटीहून जरासा जास्त, शांत पडलेल्या जमिनीचा. आणि ज्या अर्थी मुलीच्या नावावर जमिनीचा आकडा आला, त्या अर्थी जमिनीच्या नावावर मुलीचे मार्क गेले असणार. साठ-पासष्ट मार्क म्हणजे साठ-पासष्ट पट हालचाल. घंटा वाजणार नाही तर काय होईल!

पायरीवरच बसावंसं वाटलं, पण तिथं बाई होत्या.

घडलं होतं ते असं. क्लासमध्ये फळा एक आणि मास्तर दोन. भौतिकवाल्याचं गणित अर्ध्यात असताना तास संपतो, रसायनवाला येतो, पुसतो, आपलं लिहितो. पुन्हा भौतिकवाला येतो आणि फळ्यावर जे दिसेल ते आपलंच समजून पुढं सोडवत सुटतो. प्रोसेसरात दशांशासाठी असाच एक छोटा फळा असतो, सगळ्या प्रोग्रामना मिळून एकच. एकाला उठवून दुसऱ्याला बसवताना कर्नलनं पहिल्याचा फळा उतरवून ठेवायचा आणि दुसऱ्याचा पुन्हा लिहून द्यायचा. बाकीचं सामान मी इमानदारीनं उतरवून ठेवत होतो. दशांशाचा फळा मात्र सोडून दिला होता, कारण तिथं एकच मास्तर आहे असं मीच लिहून ठेवलं होतं. दुसरा मास्तरही मीच नेमला होता.

टेस्ट संपून निकालाला बसायला दुपारभर वेळ होता. सरळ मार्ग सोपा होता. दर वेळी फळा उतरवायचा, दर वेळी लिहायचा. जरा वेळ जातो, गेला तर गेला. पण माझा स्वभाव आड आला. म्हटलं, उगाच दर वेळी कशाला? नव्या मास्तरानं खडूला हात लावला, तरच उतरवू. प्रोसेसरमध्ये तशी सोयही असते. दशांशाला हात लागला की तो कर्नलला हाक मारतो. मोठमोठे लोक असंच करतात असं वाचलं होतं. मी ते दोन तासांत लिहिलं, एकदा वाचलं आणि सरांना छाती पुढं काढून सांगितलं, "झालं."

"झालं म्हणजे? पहिल्या घंटा खोट्या होत्या का काय?" सर एकदम हळू बोलायला लागले. "प्रोफेसर, पत्रक वाटून झालंय."

निकाल सुरू झाला. बाई दारात उभ्या, मुलगी त्यांच्या शेजारी, मनगटाला पट्टी. पहिल्या मुलाचे मार्क आले आणि घंटा वाजली. मी बंद केली. दुसऱ्या मुलाला वाजली. तिसऱ्याला वाजली. पूर्वी कधीमधी चुकायचं, आता नेमानं चुकत होतं.

चूक तिथंच कळली, आणि कळल्यावर हसू आलं, तेही दमलेलं. नवा मास्तर खडू घेतो तेव्हा फळा जुन्याच्या नावावर उतरवायचा असतो. मी तो नव्याच्याच नावावर उतरवला होता, आणि लगेच त्याचाच म्हणून त्याला परत लिहून देत होतो.

जिन्यावर धडधड सुरू झाली. मुलगी भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हललीच नाही. बाईंनी पिशवीची घडी मोडली. मी घंटेची तार उपटून हातात घेतली आणि ओरडलो, "हालत नाही! काही हालत नाही! थांबा रे पोरांनो!"

"प्रोफेसर," सर म्हणाले, "हळू."

"हळू कशाला? बाई, आज हालली नाही. मागच्या रविवारी नाही. त्याच्या आधीच्याही नाही. एकदाही हालली नाही. माझ्या लिहिण्यात खोट होती."

"एक बी डाव न्हाई?"

"एक बी डाव नाही."

सर जाऊन आपल्या खुर्चीत बसले आणि पंख्याकडं बघत राहिले. मी मुलीची मागच्या रविवारची उत्तरपत्रिका मागून घेतली आणि पेन्सिलनं मार्क मोजले. मुलगी जवळ येऊन वाकून बघायला लागली. बासष्ट पूर्णांक पंचवीस निघाले. "पहिल्या पाचात आहेस," मी म्हणालो. ती आईकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

"रातीला चपला काढून झोपशील का?" आईनं विचारलं.

मुलीनं मान हलवली. हो की नाही ते मला दिसलं नाही, आईला दिसलं असावं. बाईंनी पिशवीची पुन्हा घडी घातली, कडा जुळवून, सावकाश. मग माझ्या हातातल्या तारेकडं पाहिलं.

"पोर ऱ्हाती हितंच," त्या म्हणाल्या. "घरी जायचं तर तुम्ही जावा."