शेवळीबरोबरचं काकड

तवा नुकता तापला होता. मुलं सुट्टीची म्हणून अजून लोळत होती, सासूबाई मागच्या ओट्यावर मशेरी लावत बसल्या होत्या, आणि मी पहिली पोळी टाकणार एवढ्यात दारावर थाप पडली. थाप कसली, दार हादरलं.

उघडते तर भागी. टोकावड्याच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. डोक्यावर एक पोतं, पायाशी दुसरं. पहिल्या एसटीने मुरबाडला आली होती.

"हिराबाय कुठं गो?" म्हणत ती सरळ आत, मागच्या ओट्यावर सासूबाईंपाशी गेली. "तुझा अनिल टेम्पो चालवतो का इमान? हात करून करून खांदा निखळला माझा. थांबला कुठं?"

"पोत्यात काय?" सासूबाईंनी विचारलं.

"काकड. शेवळी घेऊन गेला, काकड नाक्यावर टाकून गेला. म्हनं टेम्पोत जागा नाय."

सासूबाईंनी चूळ भरली. एरवी त्या भागीला चहा पाजल्याशिवाय कामाचं बोलू देत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "संजीवनी, तवा उतरव. गाळ्यावर फोन लाव."

ज्यांनी शेवळी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. मे सरता सरता डोंगरात जमिनीतून जांभळट कोंब वर येतात, ती शेवळी. नीट जमली तर मटण बाजूला ठेवावं अशी चव. पण नुसती शिजवली तर घशाला अशी खाज सुटते की माणूस पाण्याचे तांबे पालथे घालतो. ती खाज मारायला काकड हवं, आवळ्याएवढं हिरवं, तुरट-आंबट रानफळ.

कल्याणच्या बाजारातला आमचा भाजीचा घाऊक धंदा सासूबाईंच्या डोक्यावरच्या पाटीपासून सुरू झाला. सासरे देवराम आपल्या भातखाचरांत खूश. बायको बाजार करते म्हणून कुणी हसलं, तर म्हणायचे, "करते ना? मग मी कशाला करू?" सासूबाई आधी मुरबाडातच बसायच्या. मग वाड्यांवरच्या बायका आपापला माल त्यांच्याकडे सोपवू लागल्या. पाट्या एसटीच्या टपावर चढल्या, टप पुरेना तेव्हा भाड्याची जीप आली, पुढे गाळा झाला. मी चौऱ्याण्णव साली लग्न होऊन आले तेव्हा गाळा नवाकोरा होता, आणि दोन हजार तीनला, म्हणजे ही गोष्ट घडली त्या वर्षी, अनिलने, माझ्या नवऱ्याने, स्वतःचा टेम्पो घेतला.

एवढ्या उलाढालीत एक रीत मात्र हलली नव्हती. शेवळीच्या जुडीबरोबर मूठभर काकड द्यायचं, आणि ते फुकट. "भाजी विकायची, खाज नाय विकायची," असं सासूबाईंचं म्हणणं.

आणि फुकट म्हणूनच ते अनिलच्या नजरेतून सुटलं. त्या पहाटे भेंडी जास्त आली, जागा कमी पडली, ज्याला भाव नाही ते खाली राहिलं. काकडाला भाव असता तर ही चूक झालीच नसती.

फोनवर अनिल म्हणाला, "माल कधीच वाटला गेला. आईला सांग, लोक चिंच घालतील."

मी सांगितलं. सासूबाई पदर खोचत म्हणाल्या, "चिंचेनं खाज दबते, मरत नाय. आणि चिंच घालायची, हे त्यांना सांगितलं कोनी?"

मुलं आणि चूल भागीच्या हवाली करून आम्ही दोघी पोती घेऊन निघालो. जीप भरलेलीच होती. चालक चंदर पोत्यांकडे बघून म्हणाला, "हिराबाय, ह्यांचं पन तिकीट लागंल."

"अर्धं लाव. हिरवी हायत अजून. पिकली का पुरं घे."

सगळी जीप हसली. सासूबाई हसल्या नाहीत. रस्ताभर त्यांचा हात पोत्याच्या गाठीवर होता.

गाळ्यावर आम्हाला बघून अनिल चपापला. "आई, तू कशाला आलीस? एवढं काय त्यात? चिंच..."

"आज रात्री तुला चिंच घालूनच करते. पोटभर खा, मग बोल. शटर ओढ, पोतं उचल."

समोर गिऱ्हाईक उभं असताना आमच्या गाळ्याचं शटर खाली येताना मी पहिल्यांदाच पाहत होते. शेजारचे व्यापारी धावत आले. "हिराबाई, कोण गेलं?"

"कोन नाय गेलं. काकड आलंय."

मग पुढे जे पाहिलं त्याने मी थक्क झाले. मी कल्याणातच वाढलेली. त्या गल्ल्यांतून कॉलेजला गेलेली. पण त्या गल्ल्यांत सासूबाईंचं एवढं मोठं गणगोत पसरलंय याची मला कल्पना नव्हती. पुलाच्या जिन्याखाली, देवळाच्या कोपऱ्यावर, दवाखान्यासमोर, आमचा माल घेऊन विकणारी प्रत्येक बाई कुठे बसते हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं. ओंजळभर काकड टाकायचं आणि म्हणायचं, "ज्यांना दिलीस त्यांना हाक मार गो."

आणि त्या मारत होत्या! एकीने आपली पाटी शेजारणीवर सोपवली आणि पदरात काकड घेऊन गिऱ्हाइकामागे धावत सुटली. दुसरी रस्त्यात उभी राहून वर गॅलरीकडे ओरडली, "ओ वहिनी, शेवळी चिरू नका! थांबा!" वरून दोरीला बांधलेली पिशवी खाली आली, मूठभर काकड घेऊन वर गेली. एक म्हातारी अनिलच्या खांद्यावरचं पोतं बघून म्हणाली, "काय रे शेठ, आयनं कान धरून आनला वाटतं?" अनिल लाल झाला, पण पोतं खाली ठेवलं नाही.

शेवटी राहिली चंदा. ती जळगावकडची, यंदाच विकायला बसू लागलेली. खाडीकडच्या नव्या इमारतींच्या फाटकापाशी तिने वॉचमनच्या हातापाया पडून जागा मिळवली होती. आम्हाला बघून तिचा चेहरा खुलला.

"सगळी गेली मावशी! नव्या बाया, कौतुकानं घेतली. कशी करायची ते पण विचारलं."

"काय सांगितलंस?"

"कांदा-लसूण घाला म्हटलं. मी कुठं खाल्लीये कधी?"

सासूबाई तडक फाटकाकडे वळल्या. वॉचमन आम्हाला वर सोडेना, आणि कुठल्या घरात भाजी गेली हे चंदालाही माहीत नव्हतं. मग आम्ही फाटकातच थांबलो. खाली येईल त्या बाईला सासूबाई विचारायच्या, शेवळी घेतलीत का, काकड न्या. दोघी-तिघी भेटल्या, हसून घेऊन गेल्या. दुपार होत आली तशी एक बाई तरातरा आली.

"काय विकतेस गं तू? माझा मुलगा मघापासून घसा खाजवतोय!"

"आमसुलाचं पानी द्या त्याला, लगेच उतरंल," सासूबाई पुढे होत म्हणाल्या. "चूक हिची नाय, माजी हाय."

बाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "वॉचमन, उद्यापासून हिला इथे बसू देऊ नका," म्हणत ती आत वळली.

चंदाने रिकामी पाटी पोटाशी धरली.

अनिल हळूच म्हणाला, "आई, चल आता. आपण हिला दुसरी जागा बघून देऊ."

"दुसरी कशाला? ही काय वाईट हाय?"

मला वाटलं, आता त्या वॉचमनशी भांडणार, नाहीतर वर जायला बघणार. पण त्या चंदाच्या जवळ सरकल्या, फाटकापासच्या फरशीवर हाताने धूळ झाडली आणि म्हणाल्या, "चंदा, उद्या सकाळी मला तुज्या शेजारी बसू दे. ज्या भांडायला येतील, त्या माज्याशी भांडतील."