गोटीरामदादांचा परदेशी सातबारा

जासई गावात गोटीरामदादांच्या शब्दाला वजन होतं आणि ते वजन त्यांनी जमिनीच्या जिवावर मिळवलं होतं. कसून थोडं, विकून जास्त. तरुणपणी बापाबरोबर भात आणि मिठागर केलं. जमिनी सरकारी संपादनात गेल्या तेव्हा कंटेनर यार्डात ट्रेलर लावले. उतारवयात, संपादनाच्या मोबदल्यात बापाच्या नावे मिळालेला साडेबारा टक्क्यांचा भूखंड बिल्डरला दिला आणि दादा एकदम बंगलेवाले झाले. गावात कुणाला जागा घ्यायची असली की आधी दादांना न्यायचे. दादा चपला काढून उभे राहायचे, चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे आणि खारी की गोडी ते तिथल्या तिथे सांगून टाकायचे.

असा हा माणूस परदेशात जमीन घेतो म्हटल्यावर गाव हसलं, ते काही चुकलं नाही. ही टूम त्यांच्या मुलाची. धनेश सीबीडी बेलापूरला एका शिपिंग कंपनीत नोकरीला. वाशीच्या एका प्रदर्शनात त्याने जॉर्जिया देशातले प्लॉट पाहिले, काळ्या समुद्राच्या काठचे. मोबाइलवरच सौदा करू, असं तो म्हणत होता. दादा म्हणाले, नुसता फोटो बघून कुणी स्थळसुद्धा पक्कं करत नाही. मग बापलेक विमानात बसले.

दादांनी तिथेही थंडीत बूट काढले आणि माती चाखली. गोडी निघाली. जागा एका भाऊ-बहिणीची होती, दोघंही साठीच्या पुढची. भाऊ उंच, बोलका. बहीण डोक्याला रुमाल बांधलेली, गप्प. बोलणं कळावं म्हणून धनेशने नाशिकची ईश्वरी नावाची मुलगी बरोबर घेतली होती, ती तिथे डॉक्टरकी शिकत होती.

दुसऱ्या दिवशी सगळे सरकारी कचेरीत जमले. दादांना वाटलं होतं, दहा मिनिटांत सह्या, मग जेवण. पण टेबलापलीकडच्या बाईंनी आधी त्या भावाला बाहेर जाऊन बसायला सांगितलं. दादांनी ईश्वरीला विचारलं, काही भानगड आहे का? ती म्हणाली, "नाही काका. बहिणीचा अर्धा हिस्सा आहे ना, तिला एकटीला विचारायचंय."

मग त्या अधिकारी बाईंनी अख्खा कागद सावकाश वाचून दाखवला. वाचला का, समजला का, कुणी जबरदस्ती तर केली नाही ना, असं तीन वेळा विचारलं. बहिणीने तिन्ही वेळा मान हलवली. सही झाली, तिच्या अर्ध्या हिश्शाचे पैसे तिच्या नावावर जमा झाले, आणि मगच भावाला आत बोलावलं. तो आत आला आणि त्याने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

आठ वर्षांपूर्वी दादांनीही आपल्या धाकट्या बहिणीला, सरस्वतीला, अशाच एका टेबलासमोर बसवलं होतं. बिल्डरला भूखंड द्यायचा तर तिचं हक्कसोडपत्र हवं होतं. तिला मात्र त्यांनी सांगितलं, बाच्या जागी वारसांची नावं लावायचीत, तेवढाच कागद आहे. टेबलामागच्या माणसाने विचारलं होतं, बाई, समजलंय ना? तिने तोंड उघडायच्या आत दादाच म्हणाले होते, "हो हो, समजलंय तिला." मग त्यांनी तिला नवं लुगडं नेसवलं आणि भलामोठा जिताडा मासा घेऊन खोपट्याला सासरी पोचवलं. बहिणीचं किती करतो म्हणून गावाने वाहवा केली, आणि दादांनी ती वाहवा पचवलीही.

आता ती पचेना. परत आल्यावर गावच्या मंडळाने सत्कार केला, शाल घातली, दादांनी आता चंद्रावरचीही माती चाखावी, असं कुणीतरी माइकवर म्हणालं. दादा हसले नाहीत. शाल अंगावर चटके देत होती. इतकी वर्षं आपण चोर आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण परक्या देशात, परक्या बहिणीसमोर ते पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांना दिसलं. त्यांनी धनेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आत्याची सही कायदेशीर आहे, कशाला टेन्शन घेता? "सही कायदेशीर हाय रं," दादा म्हणाले, "मीच नाय."

रविवारी ते एकटेच खोपट्याला गेले. सरस्वती ओटीवर बसून सुकट निवडत होती. दादा समोर बसले आणि खाली मान घालून बोलून मोकळे झाले. तो कागद कसला होता ते सांगितलं, परदेशातल्या त्या बाईचं सांगितलं, तिथली जागा विकून तुझा हिस्सा देतो म्हणाले. आता ही मला उंबरा ओलांडू देईल का, एवढीच एक धास्ती होती.

सरस्वतीने सूप खाली ठेवलं.

"मना ठावं व्हता," ती म्हणाली. "पार्थानं त्याच सांजचे त्या कागदाची नक्कल वाचून दाखवली. पोर कोर्टान जाऊ बोलला. मीच नको बोलले."

पार्थ तिचा मुलगा. म्हणजे सगळं माहीत असूनही ती आठ वेळा भाऊबिजेला ताट घेऊन आली होती, आणि दर वेळी ताटात नोट टाकून आपण तिच्यावर उपकार केल्यासारखे बसलो होतो. दादांना वर बघवेना.

"मग बोललीस का नाय?"

"तू बोलशील म्हनून वाट बघली."

मग तिने विचारलं, "त्या बायला तिकरं कितींदा इचारला?"

"तीनदा."

"हिस्सा दे, मी घेईन. पोरांचा हाय तो," सरस्वती म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. "पन दादा, मना यकदा जरी इचारला असतास ना, तं मी हिस्सा तसाच सोरला असता."