मारोतीची निगेटिव्ह

हे मी बायकोला सांगितलं नाही, पोरांना नाही. देवापुढंही नुसता हात जोडून गप्प बसलो. तुम्हाला सांगतोय — ऐकून झाल्यावर तुम्ही माझ्याकडं चहाला यायचे नाहीत, हे धरूनच.

जालन्यात मस्तगडला माझा फोटो स्टुडिओ होता. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. ठाण्यात कुणाला धरून आणलं की जमादार मला बोलवायचा. एक फोटो समोरून, एक बाजूनं. बोटांचे ठसे ते घ्यायचे, चेहरा मी घ्यायचो. माणूस चोर आहे की नाही, हे बघायचं काम माझं नाही — असं मी म्हणायचो. सोयीचं होतं.

मारोती तिथंच भेटला. तीर्थपुरीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. जालन्यात आडत बाजारात हमाली करायचा. एका दुकानफोडीत उचलला होता. कोर्टात काहीच सिद्ध झालं नाही. सुटला.

आणि मंग एक दिवस माझ्या दुकानात आला — वकील घेऊन. लग्नसराई होती, बाकावर गिऱ्हाईक बसलेलं. वकिलानं सगळ्यांसमोर मला कायदा ऐकवला. आधी कधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, की त्याचे पोलिसांसाठी काढलेले फोटो, निगेटिव्ह, सगळं नष्ट करायचं, न्हाईतर त्याच्या हवाली करायचं. ठाण्यातले फोटो फाडले म्हणे. राहिली होती माझ्याकडची निगेटिव्ह. मारोती नुसता त्याच्या मागं उभा होता. पण मला वाटलं — हा हमाल मला कायदा शिकवायला आला? माझ्याच दुकानात?

मी आत गेलो. त्याची निगेटिव्ह तिथंच होती. तिच्या शेजारी कुणाच्या तरी बारशाची, बिघडलेली. ती बारशाचीच उचलली, बाहेर आणली आणि त्याच्या देखत काडी लावली. काळी पट्टी ती — लांबून कुणाला काय कळणार? मारोतीनं मला हात जोडले.

तुम्ही म्हणाल, पोलिसांना भ्यालात. नाही हो. जमादारानं मला काहीच सांगितलं नव्हतं. मीच आपल्या पायानं ठाण्यात गेलो आणि म्हणालो, निगेटिव्ह शाबूत आहे, लागली तर सांगा. तो हसला. मीही हसलो.

लागली. पुढं वाटूरला एका घरात चोरी झाली. त्या निगेटिव्हवरून मी काढून दिलेला फोटो जमादारानं त्या घरातल्या म्हातारीला आधी दाखवला, आणि मंग ओळखपरेडीत मारोतीला उभं केलं. तिनं त्याच्यावरच हात ठेवला. ठेवणारच की — चेहरा पाहिलेला होता ना?

फुटलेल्या दाराचे फोटो मीच काढले होते, म्हणून मला साक्षीला बोलावलं. वकील तोच. म्हातारीला फोटो दाखवला असणार, हे त्यानं बराबर हेरलं होतं. फोटो दाखवल्याचं निघालं असतं, तर त्या ओळखीला किंमतच राहिली नसती. पण ठाण्यातले फोटो तर फाडलेले, मंग हा आला कुठून? म्हणून त्यानं मला विचारलं, मारोतीची निगेटिव्ह अजून तुमच्याकडं आहे का?

मी शपथेवर म्हणालो, "त्याच्यासमोरच जाळली."

आणि पिंजऱ्यातून मारोती आपणहून बोलला — "खरं बोलून राह्यले ते, साहेब. मी सोता पाह्यलं."

वकिलानं कागद मिटले. मंग खाली बसला. पुढं विचारायचं काय?

मारोतीला शिक्षा झाली. ज्या कायद्यानं त्याला वाचवायचं, तो कायदा कोर्टात त्याच्या बाजूनं उभा होता — आणि मी त्याला खोटं पाडलं. एका हमालानं चार माणसांत मला गप्प केलं, एवढ्यासाठी.

तो सुटून आला तेव्हा केस पिकले होते. दुकानात आला, सोबत लेक होती. सोयरीक बघायची होती, तिचा फोटो पाहिजे होता. दुसरीकडं का न्हाई गेला? मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं.

"सगळे खोटं बोलले, भाऊ. तुम्ही तेवढे खरं बोलल्ते."

मी लाईट लावले. पोरीला म्हणालो, मान जरा वर कर. फोटो चांगला आला.

त्यानंतर मारोती बरीच वर्षं याच गावात होता. माझ्या दुकानावरून जायचा, रामराम घालायचा. मीही घालायचो. परवा तो वारला. मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.